टाळू

आई अजूनही सांगते की त्या दिवशी धाकट्या भावानं आंबील दोन वाट्या जास्त घेतली होती. अपघाताशी त्याचा काही संबंध नाही, पण तिच्या हिशेबात त्या दोन वाट्या आहेत.

येळवस होती. लातूर-धाराशिवकडच्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे गावं ओस पडतात आणि वावरं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पांडव म्हणून दगड मांडायचे, आणि भज्जी, उंडे, आंबील असं बांधावरून जाईल त्याला हाक मारून खाऊ घालायचं. दिवस मावळायच्या आधी आम्ही बायका-पोरं बैलगाडीनं गावात परतलो. धाकटा मागं राहिला, सगळं आवरून मोटारसायकलवर निघाला. हेल्मेट होतं. आरशाला अडकवलेलं.

रस्त्याच्या कडेला पंक्चर झालेली उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, रेडियम नाही. हंगामात आमच्या रस्त्यांवरून रात्री ज्यानं गाडी हाकलीय त्याला अंधारात अचानक समोर येणारी ती उसाची भिंत ठाऊक आहे.

तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मी पोचले तेव्हा तो बोलत होता. "आक्का, गाडीचं लई नुकसान झालं का?" हे त्याचं पहिलं वाक्य. स्वतःचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. एकदा उलटी झाली होती. डाव्या कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. सोबतच्या एका म्हाताऱ्यानं त्यावर बोट ठेवून निर्वाळा दिला, "टेंगूळ आलं म्हणजे बरं असतंय. मार बाहेर निघाला." आणि मला ते पटलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. बाहेर टेंगूळ येतं ते कवटीवरच्या कातडीत साचलेल्या रक्ताचं. आत काय चाललंय याची त्याला खबर नसते. टेंगूळ असूनही आत रक्त साचलेलं असू शकतं, नसूनही असू शकतं. तिथल्या डॉक्टरांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत बघू म्हणाले. दुसरी उलटी झाली, मग तिसरी, मग तो हाकेला उशिरा 'ओ' द्यायला लागला, तेव्हा आम्ही त्याला लातूरला हलवलं. मधे चार तास गेले होते. ते कुणाच्या खात्यावर टाकायचे याचा हिशेब मी सोडून दिलाय. काढायला बसले तर थोडे माझ्याही खात्यावर येतात.

लातूरला सिटी स्कॅन झाला. मेंदूला डाव्या बाजूला मार आहे, रक्ताचे डाग दिसतायत, आणि सूज यायला लागलीय, असं सांगण्यात आलं.

सूज म्हटल्यावर आईला जरा हायसंच वाटलं. रक्तस्राव, फ्रॅक्चर हे शब्द परके, सूज घरातली. तिच्यावर आंबेहळद उगाळून लावायची, निर्गुडीचा पाला बांधायचा, वाळूचा शेक द्यायचा. तिनं चुलतभावाला फोन करून कोनाड्यातली आंबेहळद मागवलीसुद्धा. ती पुडी पुढं बारा दिवस तिच्या कमरेच्या पिशवीत होती.

सकाळी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरांनी मला कोपऱ्यात नेऊन समजावलं. "मॅडम, गुडघा सुजला तर कातडी ताणते. इथं ताणायला काहीच नाही. बंद डबा आहे."

बंद डब्याचं हे गणित जुनं आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 मध्ये ते मांडलं आणि जॉर्ज केली यांनी 1824 मध्ये त्याला दुजोरा दिला. आजच्या आकड्यांत सांगायचं तर कवटीत साधारण 80 टक्के मेंदू, 10 टक्के रक्त आणि 10 टक्के मेंदूभोवतीचं पाणी असतं. डबा भरलेला असतो, त्यामुळं एकाचं आकारमान वाढलं की दुसऱ्यानं जागा सोडायची. आधी पाणी पाठीच्या कण्याकडं सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर जातं. ही देवाणघेवाण चालू असते तोवर दाब फारसा वाढत नाही आणि माणूस गाडीच्या नुकसानीची चौकशी करू शकतो. सरकण्यासारखं सगळं सरकून झालं की मात्र चमचाभर वाढीनंही दाब सरळ वर चढतो. मोठ्या माणसात पडल्या अवस्थेत तो पाऱ्याच्या 7 ते 15 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. 22 च्या वर गेला की उतरवण्याचे उपाय करतात. दाब चढला की हृदयाकडून येणाऱ्या रक्ताला वर शिरायला जोर पडतो. वजनानं शरीराचा पन्नासावा भाग असलेला मेंदू शरीराच्या एकूण प्राणवायूचा पाचवा भाग एकटा वापरतो. रक्त कमी पडलं की पेशी आणखी सुजतात, त्या सुजल्या की रक्त आणखी कमी पडतं.

हे वाचून कळतं. मला ते अंगावर आलं वेगळ्याच वाटेनं. आतेभावाचा मुलगा अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकतो. तो भेटायला आला आणि आत्या विज्ञानाची म्हणून त्यानं उत्साहानं सांगितलं की कवटीची हाडं एकमेकांपासून सुटी करायची जुनी युक्ती आहे. खालच्या भोकातून कवटीत सुके दाणे गच्च भरायचे आणि पाण्यात ठेवायची. दाणे फुगतात आणि हातोडीनंही नीट न सुटणारे सांधे आपोआप उकलतात. "हरभरेसुद्धा चालतात," तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो चहा आणायला गेला. शेजारी आईनं उघडून ठेवलेल्या डब्यात येळवसची उरलेली भज्जी होती. हरभऱ्याचे हिरवे दाणे वर आलेले.

उपचार म्हणून जे चाललं होतं ते बघून आईची निराशा झाली. डोक्याला कुणी काही लावतच नव्हतं. पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांनी उचललेली, मान अगदी सरळ, दोन्हीकडून चादरीच्या गुंडाळ्यांचा आधार. मावशीनं आणलेला ताईत गळ्यात बांधलेला होता, तो सिस्टरनं सोडला. मावशी चिडल्या. सिस्टरनं शांतपणे तो धाकट्याच्या मनगटाला बांधला आणि सांगितलं, "मावशी, डोक्यातलं रक्त मानेतूनच खाली येतं. गळा आवळायचा नाही. देव मनगटावरून पण बघतो." पुढच्या बारा दिवसांत मी मोठमोठ्या डिग्र्यांचं बोलणं ऐकलं, पण एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

मग सलाईनची भानगड. पोरगा दोन दिवस उपाशी आहे, ताकदीची ग्लुकोजची बाटली लावा म्हणून चुलत्यांनी आग्रह धरला. डॉक्टर नाही म्हणाले. ग्लुकोजच्या सलाईनमधली साखर शरीर वापरून टाकतं आणि मागं राहतं निव्वळ पाणी. ते सुजलेला मेंदू पिऊन घेतो. त्याऐवजी ते मॅनिटॉलची 100 मिलिलिटरची बाटली दिवसातून तीनदा लावत होते. मॅनिटॉल हीही साखरेच्याच गोतावळ्यातली. मात्र ती रक्तवाहिनीतून मेंदूत सहजी शिरत नाही. रक्तात राहते आणि मेंदूतलं पाणी आपल्याकडं ओढून घेते. हे परासरण. सातवीच्या पोरांना मी दरवर्षी दाखवते: मनुका पाण्यात टाकली की टम्म फुगते, दाट पाकात टाकली की आक्रसते. आईला कैरी सांगितली. फोडींना मीठ लावून ठेवल्यावर पाणी सुटतं तसं. ती लगेच म्हणाली, "मग ते पाणी जातंय कुठं?" पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडं बोट दाखवलं. त्यानंतर ती रोज आधी पिशवी बघायची आणि मग लेकाचं तोंड.

थंडी कडाक्याची होती. मॅनिटॉल गारठ्यात गोठतं, बाटलीत काचेच्या सुयांसारखे खडे धरतात. रात्रपाळीची सिस्टर बाटली कोमट पाण्यात धरून ते विरघळवायची, उजेडासमोर धरून तपासायची, मगच लावायची. मधासारखं, मी मनात म्हणायचे. आमच्या घरात थंडीत मध असाच गोठतो.

आयसीयूच्या बाहेरचा व्हरांडा हे एक वेगळंच गाव असतं. सतरंज्या, भाकरीची गाठोडी, चार्जरवरून भांडणं. आमच्या शेजारी निलंग्याकडच्या एक आजी होत्या, म्हणजे त्यांचा मुलगा आणि सून होते, आजी आत. आजींच्या मेंदूत गाठ आणि गाठीभोवती सूज. त्यांना डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी त्या सुनेला नावानं हाक मारून चहा मागायला लागल्या. आमच्याकडं चुळबूळ सुरू झाली. सूज तीच, आयसीयू तेच, मग आमच्या पोराला ते इंजेक्शन का नाही? चुलते पैशांचा संशय घेऊन डॉक्टरांकडं गेले. मीही मागं उभी होते, संशयात थोडी सामील.

उत्तर मिळालं ते मी नंतर तपासूनही पाहिलं. सूज एक नव्हतीच. गाठीभोवतीची सूज रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागल्यानं येते. पाणी पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत साचतं. स्टिरॉइड ते झिरपणं आवरतं. मार लागल्यावर पेशीच जखमी होतात, स्वतःतलं क्षार-पाण्याचं संतुलन राखू शकत नाहीत आणि आतून फुगतात. तिथं या औषधाची मात्रा चालत नाही. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. डोक्याला मार लागलेल्यांनाही स्टिरॉइड देण्याची पद्धत कित्येक वर्षं होती. शेवटी 10,000 हून अधिक रुग्णांवर तुलना केली गेली. निष्कर्ष 2004 मध्ये आले: दोन आठवड्यांत स्टिरॉइड दिलेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी 17.9 टक्के. चांगल्या हेतूनं, जगभर, इतकी वर्षं. आईच्या पिशवीतल्या आंबेहळदीकडं मी त्यानंतर जरा नरमाईनं बघायला लागले. तिनं निदान कुणाचं वाईट केलं नव्हतं.

पलीकडच्या लहान मुलांच्या विभागात सात महिन्यांचं एक लेकरू होतं, मेंदूज्वराचं. त्याच्या आईनंच आधी ओळखलं होतं. न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालायला गेली तर टाळू टणक, वर आलेली. ताप होताच. तिनं सासूचं न ऐकता सरळ दवाखाना गाठला. आमच्या डॉक्टरांना मी विचारलं तर म्हणाले, बाळाच्या डोक्याला ती एक खिडकी असते. आतला दाब वाढला की टाळू फुगते, पाणी कमी पडलं की खोल जाते. दीड-दोन वर्षांत हाड जुळून येतं आणि खिडकी बंद. आईनं हे ऐकलं. काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायच्या वेळेत मी आत गेले. मशीनवर नाडीचा आकडा 52 दिसला. आल्यापासून शंभराच्या आसपास असायचा. मला वाटलं, पोरगा निवांत झाला. रक्तदाब मात्र 180 च्या वर. सिस्टर आली, तिनंही आकडे पाहिले, आणि पळत सुटली. टॉर्च आणून पापण्या उघडल्या. उजवी बाहुली उजेडात बारीक झाली. डावी तशीच, मोठ्या काळ्या मण्यासारखी.

नाडी मंदावणं, रक्तदाब चढणं, श्वासाची लय बिघडणं, या तिघांना अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांचं नाव आहे. मेंदूला रक्त पोचेना म्हणून शरीर दाब वाढवून ढकलाढकली करतं, आणि त्याच्या उलट हृदय मंद होतं. बाहुली मोठी होते कारण सुजलेला भाग जागा शोधत खाली सरकतो आणि डोळ्याची नस दाबतो. त्याच वाटेवर पुढं श्वास चालवणारं केंद्र आहे. जिला मी निवांतपणा समजले ती शेवटची धडपड होती. मार लागल्यावर सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास भरात येते, हे आधी सांगितलं होतं. ऐकलं होतं. पण माणूस तिसऱ्या दिवसापर्यंत आला म्हणजे निभावला, असं आपण आपलं धरून चालतो.

नळी घातली, यंत्रावर घेतलं, दुसरा स्कॅन. मेंदूची मधली रेघ उजवीकडं सरकलेली मला सुद्धा दिसली. सर्जन मोजकं बोलले. डाव्या बाजूचं हाड काढावं लागेल. वरचं आवरण उघडून मेंदूला फुगायला जागा द्यायची. मी विचारलं, यानं बरा होईल? ते म्हणाले, "जीव वाचायची शक्यता वाढेल. उठून कसा वागेल, बोलेल, हे आज मला माहीत नाही."

त्यांचं हे उत्तर मला तेव्हा कोरडं वाटलं होतं. पुढं 2016 चा एक मोठा अभ्यास वाचला, औषधांना दाद न देणाऱ्या दाबासाठी हीच शस्त्रक्रिया केलेल्यांचा. सहा महिन्यांनी, शस्त्रक्रिया झालेल्यांत 26.9 टक्के मृत्यू, औषधांवरच ठेवलेल्यांत 48.9 टक्के. केवढा फरक. पण वाचलेल्यांत डोळे उघडे आणि जाणीव नाही अशांचं प्रमाणही शस्त्रक्रियेच्या बाजूला जास्त होतं, 8.5 विरुद्ध 2.1 टक्के. डॉक्टर कोरडं बोलले नव्हते. माहीत होतं तेवढंच बोलले होते.

सही भावजयीनं केली. तिचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता.

रात्री अडीचला बाहेर आणलं. डोक्याला पांढरं पागोटं, आणि पोटावर उजवीकडं दुसरी पट्टी. आई घाबरली. पोटाला काय झालं? काढलेलं हाड पोटाच्या कातडीखालच्या चरबीत ठेवलं होतं. तिथं ते निर्जंतुक राहतं, स्वतःच्याच शरीरात असतं, आणि अतिथंड फ्रीजचा प्रश्न येत नाही. काही महिन्यांनी काढून परत डोक्यावर बसवायचं. आमच्या चुलत्यांना हे इतकं अजब वाटलं की त्यांनी व्हरांड्यातल्या प्रत्येकाला सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे टाळू उघडी केली म्हण की."

दोन दिवस वाचून, विचारून, मन्रो-केली पाठ करून मी जिथवर पोचले होते, तिथं ती त्या एका वाक्यात पोचली.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे कमी, भोगण्यासारखे जास्त. रक्तातलं सोडियम रोज तपासायचे. मूत्रपिंडावर ताण नको म्हणून मॅनिटॉल बंद करून 3 टक्क्यांचं मिठाचं सलाईन आलं. काम तेच, पाणी ओढण्याचं. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडलं. रेशनकार्ड आणि सातबारा घेऊन चुलतभाऊ उपचारांच्या सरकारी योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राशी झुंजत राहिला. पण या सगळ्यात सूज कुणीच उतरवत नव्हतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. कुणी पाणी काढत होतं, कुणी मान सरळ ठेवत होतं, कुणी हाड उचललं होतं. सूज तिच्या तिच्या वेळेनं उतरणार होती. हे सगळे तोवर तिला जागा करून देत होते. नवव्या दिवशी त्यानं उजव्या हाताचा अंगठा हलवला, बाराव्या दिवशी डोळे उघडले. त्या दिवशी आईनं आंबेहळदीची पुडी लेकराच्या उशाशी ठेवली. तिथून ती कुणी हलवली नाही, सिस्टरनंही नाही.

घरी आणला तेव्हा डोक्याची डावी बाजू मऊ होती. झोपला की जराशी वर यायची, बसला की खोल जायची. नीट बघितलं तर नाडीबरोबर हलताना दिसायची. भाऊबंद बघायला यायचे आणि बघून नजर दुसरीकडं न्यायचे. त्याला घरातसुद्धा हेल्मेट घालून फिरायला सांगितलं होतं. तेच, आरशाला अडकवलेलं. त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. आई त्या मऊ जागेला हात लावायची नाही, पण भोवतीनं बोटांनी तेल फिरवायची. पस्तीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं गुणगुणायचीही.

शब्द गेले होते. डावी बाजू बोलण्याची. सगळे नव्हते गेले. भलतीकडं ठेवल्यासारखे झाले होते. भाकरीला 'छत्री' म्हणायचा, दवाखान्याला 'वावर'. शिव्या मात्र जशाच्या तशा जागेवर होत्या, त्या अस्खलित यायच्या. चुकीचा शब्द आला की त्याला कळायचं, आणि तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी आम्हाला एकच ताकीद दिली होती: त्याच्या तोंडात शब्द घालू नका. येऊ द्या. आमच्या घरात याच्याएवढं अवघड काही नाही. आम्ही सगळे दुसऱ्याचं वाक्य पुरं करणारे.

तीन महिन्यांनी, उन्हाळा लागल्यावर, पोटातलं हाड काढून जागेवर बसवलं. टाके निघाले, केस आले. गेल्या रविवारी मी माहेरी होते. ओसरीवर तो खाली बसलेला, आई मागं बाजेवर, वाटीत कोमट तेल. तिची बोटं व्रणाच्या कडेनं फिरत डोक्याच्या मध्यावर आली आणि थांबली.

"आता हाड पक्कं बसलंय," ती म्हणाली.

"हां." त्यानं हात वर नेऊन तिच्या बोटांजवळ टेकवला. "आई, ही... माझी ही... इथली... भरली का?"

आईनं तोंड उघडलं. माझ्याकडं बघितलं. मिटलं.

तो डोळे बारीक करून समोरच्या लिंबाकडं बघत होता. तेल त्याच्या कानामागून ओघळून गळ्यापर्यंत आलं, तिनं ते पुसलं नाही.